हापशी

टिमकीतल्या त्या दोन खोल्यांचं भाडं
अकरा वर्षं मी पाच तारखेच्या आत दिलं.
जिन्याची चौथी पायरी सुटली
तेव्हा महापालिकेत अर्ज केला,
साधाच, अर्ध्या पानाचा.
इन्स्पेक्टर आला, पायरीवर बूट आपटला, गेला.

तिसऱ्या दिवशी धकातेजींनी भाडं परत केलं.
"राहू दे आता. खोली खाली कर."
आवाज चढवला नाही. दुपट्ट्यानं मान पुसली.
संध्याकाळी नळ आले
फक्त त्यांच्याकडे.

मे महिना. कूलरचा पंप कोरड्या टाकीत घरघरत राहिला,
वाळ्याची ताटी भाजल्या गवतासारखी वास मारू लागली,
पिको मशीनचं चाक हाताला चटका देई.
पोरगा म्हणे, "आई, पाणी काऊन नाही येऊन रायलं?"
"पायरी मोडली म्हणून," मी म्हटलं.
त्याला ते पटलं, हेच मला सोसवेना.

उकेबाई वकिलांनी सांगितलं ते
फॉल-पिकोच्या वहीत लिहून घेतलं,
साड्यांच्या हिशोबाखाली:
पावती देणं त्याच्यावर बंधनकारक.
भाडं नाकारलं तर मनिऑर्डर करायची,
परत आली तर तो कागद जपायचा.
पाणी तोडता येत नाही. कलम एकोणतीस.
"कायदा आहे," बाई म्हणाल्या,
"पण तो आपणहून जिना चढत नाही."

मनिऑर्डर परत आली. "घेण्यास नकार."
पोस्टमनचं अक्षर काय सुंदर होतं.

वहीत लिहिलं नाही ते हे:
रात्री साडेबारानंतर गच्चीवरून दोर सुटायचा,
दोराला बादली,
पाणी हिंदकळू नये म्हणून वर ताट.
प्रणोती, त्यांची सून.
आम्ही एका शब्दानं बोललो नाही.
दोर दोनदा ओढला की रिकामी बादली वर.
बावीस रात्री.

लघुवाद न्यायालयात त्यांच्या वकिलानं विचारलं,
"बावीस दिवस पाणी नव्हतं, तर जगलात कशा?"
खरं सांगेन ही शपथ
जिभेवर अजून ओली होती.
"चौकातल्या हापशीवरून आणलं."
टाइप झालं: हापशी.

वकील धरमपेठेतला. त्याला कुठून ठाऊक
ती हापशी होळीआधीच आटली,
तिच्या दांड्याला आता पोरं सायकल बांधतात.
धकातेजींना ठाऊक होतं.
दुपट्टा मानेवर थांबला.
माझ्याकडे नाही, त्यांनी वर छताकडे पाहिलं,
जशी कोर्टालाही गच्ची असावी.

आदेश झाला. नळ खोकला,
आधी लाल, मग पांढरं पाणी.
पोरगा कूलरसमोर उघडाच झोपून गेला.
गल्ली पेढे मागून राहिली होती.

आज चौथी रात्र. गच्चीवर कुणी नाही.
वाळलेले कपडे धकातेजी स्वतः काढतात,
घड्या घालतात, नीट.

उकेबाईंना फोन केला.
"तिच्यासाठी कोणतं कलम, बाई?"
"भाडेकरू आहे का ती?"
"सून आहे."
म्हणजे पावती नाही, पाच तारीख नाही,
आत राहते त्याचा कुठेच कागद नाही.
"तो वेगळा कायदा," त्या म्हणाल्या. फाइल सरकल्याचा आवाज.
"आहे. पण तिला स्वतः यावं लागेल."

स्वतः. म्हणजे दोन मजले उतरून,
त्या चौथ्या पायरीवरून.

कोपऱ्यावरच्या बांधकामातून दोन विटा मागून आणल्या,
पायरीखाली सारल्या, फटीत चिंध्या कोंबल्या.
मग वर उभी राहून पाहिलं.
माझं वजन तरी
पेलते आहे.