उलट्या बाजूनं

ओढायचा नाही. आधी एवढंच.
ओढलेला खडा एकटा येत नाही,
जाळीचा एक धागा दातांत धरून येतो
आणि जाळीला रफू नसतो,
नुसतं भोक असतं, स्टेजच्या दिव्यात दिसणारं.

अश्लेषा भिंगारदिवे ड्रेस घेऊन आली
तेव्हा विट्यात लाइट नव्हती.
उंबऱ्याशी उन्हातच पसरला तिनं:
जांभळा, बाह्यांना जाळी,
खांद्यावरून काखेशी वळून कमरेकडं उतरलेली
खड्यांची वेल.
"माझाच आहे, बारा वर्षांपूर्वीचा.
आता क्लासमधली मुस्कान मुलाणी घालणार.
वेल काखेत टोचते, मी वळ घेऊन नाचलेय.
सगळी काढा. नवं काहीही बसवा.
गुरुवारी कार्यक्रम आहे."

खडे डिंकावर, आणि डिंक गारठ्याला भितो.
म्हणून ड्रेस पिशवीत, पिशवी बर्फाच्या खणात.
सासूबाईंनी मटार काढायला दार उघडलं.
"ह्या झग्याला ताप आलाय व्हय?"

तासाभरानं कापड उलटं केलं,
मागून नखानं टिचकी.
टिक. स्टीलच्या ताटलीत एक.
टिक.
हट्टी होते त्यांच्याखालून दोरा सरकवला,
करवतीसारखा नव्हे,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून
आपण हात काढून घेतो तसा.

तरी नऊ उरले.
त्यांना नेलपॉलिश काढायचं पाणी लागणार,
आणि ते पाणी कधी डिंक खातं, कधी कापड.
मी सेलमला फोन लावला.
आमचे हे गलाईवाले. एकोणीस वर्षं
दुसऱ्यांचं सोनं वितळवतात,
राख धुऊन त्यातले कण शोधतात.
मागं भट्टी घरघरत होती.
"सोनं असू दे नाहीतर चिंधी,
आधी कसाला लाव.
आतल्या शिवणीवर एक थेंब, मग थांब.
आणि खिडकी उघडी ठेव."
मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
"जत्रेला येताय?"
"बघू."
थेंब वाळला.
रंग सुटला नव्हता.

सकाळी ताटलीत एकशे सदतीस.
दोनदा मोजले.
ड्रेस दारात उजेडाला धरला
तर वेल तिथंच.
बारा वर्षांच्या उन्हानं, धुण्यानं, घामानं
जांभळा विटून राखेकडं गेलेला,
पण प्रत्येक खड्याच्या जागी एक ठिपका,
कृष्णाकाठच्या कोवळ्या वांग्यासारखा गर्द.

नवं डिझाइन कुठं बसवणार?
अश्लेषाला बोलावलं.
तिनं एकेका ठिपक्यावरून बोट नेलं.
"हा रंग होता होय," म्हणाली.
"मला तर असाच आठवत होता, विटका."

मग जुन्याच जागी जुनेच.
आत बटर पेपर सरकवला,
नाहीतर पुढचं मागच्याला चिकटून
ड्रेसची पिशवी होते.
सुईच्या टोकावर मोहरीएवढा डिंक.
काडीच्या टोकाला मेण, मेणाला खडा,
ठिपक्यावर ठेवायचा, दाबायचा नाही.
दाबला की डिंक कडेनं बाहेर येतो
आणि सगळ्यांना दिसतं
की इथं कुणीतरी घाई केली.
पाठीचा कळत्ये, मानेचा कळत्ये,
रात्री डोळे मिटले तरी ठिपके.
नऊ खड्यांचा पारा उडाला होता, आंधळे झाले होते.
ते बाजूला. नव्यांचं एक पाकीट आणलं.
काखेतले सात ठिपके आम्ही मोकळेच सोडले,
आतून मलमलीची पट्टी लावली.

गुरुवारी मुस्कान आली.
घातला. हात वर केला,
पुन्हा केला, तपासल्यासारखा.
"टोचत नाही," एवढंच.
काखेत सात गर्द ठिपके,
हात वर असेल तेवढ्यापुरतेच दिसणारे.
शिलाई लावली, पाकिटाचे लावले,
फ्रीजचं भाडं लावलं नाही.

ती ताटली नंतर घासून स्वैपाकघरात गेली.
आज तांदूळ निवडताना
सासूबाईंच्या बोटाला काहीतरी लागलं.
"खडाच हाय," म्हणाल्या,
आणि फेकायच्या आधी
उजेडाला धरून बघितला.