उदाहरण

मॅडमनी फळ्यावर सूत्र लिहिलं:
शेवटच्या पाळीची तारीख,
त्यात नऊ महिने, वर सात दिवस.
म्हणाल्या, कुणीतरी एक तारीख सांगा.

मी सांगितली.
का सांगितली, कोण जाणे.
चाळीस पोरींनी वहीत माझी तारीख उतरवली
आणि उत्तर आलं थेट परीक्षेच्या आठवड्यातलं.
"बिचारी," मागून कुणीतरी हसलं.

विडी घरकुलात आज पाचव्या दिवशी पाणी आलंय.
जड उचलू नका, असं वॉर्डात सांगते मी बायकांना.
ही सातवी घागर.
लावण्या माझा पांढरा मोजा हाताला चढवून
बाहुलीला सुई टोचते,
नरसू कडक भाकरी चघळत
पुस्तकातल्या गर्भाशयावर
शेंगाचटणी सांडतो.

नवरा रात्रपाळीला, मागावर.
सासू दिव्याखाली पानं कातरत बसलेली,
सुपात तंबाखू.
कात्री न थांबवता म्हणते,
"लांब बस जरा. वास नको घेऊस."

म्हणजे कळलंय.

मी दाराकडे सरकते,
उद्याचं पान उघडते,
चटणी झटकते. बोटाला लागलेली चाटते.

खरं तर आंबट हवं होतं काहीतरी.