सूप वाजण्याआधी

चर्चच्या तळघरात चार पातेली मांडलीत:
बार्ली, मसूर, भोपळा,
आणि मिसेस ट्वेटचं माशाचं,
ज्याचा वास जिन्यातच गाठतो माणसाला.

दिवसा मी शाळेची बस चालवते,
संध्याकाळी पालिकेचा खोका घेऊन फिरते.
नमुना मतपत्रिका, डबाभर पेन्सिली,
आणि नकाशा, ज्यात गावाचे चार तुकडे केलेत.
जुना पूल दोघांच्या मधे लोंबकळतोय.

"यंदा एक फुली मारून निघून जायचं नाही," मी सांगते.
"पहिला आवडता. तो बाद झाला तर दुसरा. मग तिसरा.
खऱ्या निवडणुकीत प्रत्येक तुकड्यातून तिघं येतील.
आज एकच पातेलं जिंकेल. चाखा, आणि लिहा."

चोवीस चिठ्ठ्या.
मासा आठ, मसूर सात, भोपळा पाच, बार्ली चार.
मिसेस ट्वेटनी एप्रनला हात पुसले,
आभाराचं भाषण ओठांवर आलंच होतं.

बार्ली बाद.
तिच्या चिठ्ठ्या उलगडून
मी त्यांच्या दुसऱ्या आवडीपाशी नेऊन ठेवल्या.
मग भोपळा गेला, पुन्हा तेच.
पाखडत पाखडत शेवटी
मसूर तेरा, मासा नऊ.

"पहिल्या फेरीत मीच पुढे होते."
"होतात."
"मग ही लबाडी नाही का?"
खोक्यातल्या पत्रकात याचं उत्तर आहे, तीन ओळींचं.
मी ते वाचलं. त्यांनी ऐकलं,
आणि वाडगाभर मसुराचं सूप घेऊन
भिंतीकडे तोंड करून बसल्या.
थोड्या वेळानं उठल्या, आणखी घ्यायला.

तेरा नि नऊ बावीस.
दोन चिठ्ठ्या कुठे गेल्या, हे फक्त मिस्टर साएचाओंनी विचारलं.

त्यातली एक ऑर्वल स्टेनमार्कची.
बार्ली, आणि खाली नुसता कोरा कागद.
"गिरणीत ओंडके मोजायचो मी.
ओंडका एकदाच मोजतात."
"तुमची बार्ली गेली, ऑर्वल. पुढच्या फेरीत तुम्ही नव्हतात."
"नव्हतो," तो म्हणाला,
आणि त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला,
कागदाची जाडी बघत असल्यासारखा.

मग सेनाइतनं हात वर केला.
"बस-स्टॉपवरचा दिवा गेलाय. तीन आठवडे झाले.
आधी रस्त्यांचं खातं एका सभासदाकडे होतं,
त्याच्या ऑफिसचा नंबर मला पाठ होता.
आता कुणाच्या दारात उभं राहू?"

मी तक्त्यावर बोट ठेवलं.
मतदार. तिथून बारा नगरसेवक.
तिथून पगारी प्रशासक, ज्याला कुणी निवडून देत नाही.
महापौर बाजूला, तुटक रेषेनं जोडलेला.
बोट खाली खाली गेलं,
खात्यांच्या चौकोनांतून फिरलं,
आणि दिवा कुठे लिहिलेलाच नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणाले.
इतक्या संध्याकाळींत पहिल्यांदा
सगळ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.
"विचारून सांगते."
तिनं माझ्याच पत्रकाच्या पाठीवर
खांबाचा नंबर लिहून दिला: ४४१७.

सूप वाजलं.
पातेली घासली, खुर्च्या एकात एक अडकवल्या.
ऑर्वल खोक्यापाशी आला,
एक कोरी चिठ्ठी घेतली, उभ्याउभ्या लिहिलं: १. बार्ली.
मग पेन्सिल हवेतच थांबली.
"निकाल लागलाय," मी म्हटलं.
"ठाऊक आहे मला. नोव्हेंबरसाठी हात बसवतोय."
चिठ्ठी खिशात गेली. पेन्सिलही.

सकाळी सहाला, रिकामी बस.
त्या स्टॉपवर काळोखात
सेनाइतची मुलगी मोबाईलचा उजेड हलवते,
मला दिसावी म्हणून.
मी दार उघडते. ती चढते.
"विचारलंत?"