कूस

दर दोन तासांनी कूस बदलायची.
अकरा, एक, तीन, पाच.
मधे जे येईल ते: घंटा, ओली चादर,
बाथरूमच्या दारात उभं राहून
नवऱ्याला हाका मारणाऱ्या मिसेस हेडलुंड.
रात्रीला आम्ही दोघी आणि एकतीस माणसं.
पा निया गेली त्या आठवड्यापासून मी एकटीच.
ती आता महामार्गालगतच्या गोदामात आहे.
तासाला तीन डॉलर जास्त, आणि म्हणते,
खोकं खाली ठेवलं की ते रडत नाही, केबे.

खोली नंबर नऊ. एइनो कांगास.
चाळीस वर्षं बंदरावर,
लोखंडाच्या खनिजाने भरणाऱ्या बोटींपाशी.
मुलीचं नाव गेलंय, जेवलो की नाही ते गेलंय,
पण कुशीखाली हात घातला की एक प्रश्न शाबूत:
'तुला दर काय मिळतो, पोरी?'
सोळा चाळीस, मी सांगते.
'कमी आहे.'
आणि संतापतो, नव्याने,
अकराला, एकला, तीनला, पाचला.
जगात माझ्यासाठी इतकं नियमित कुणी चिडलेलं नाही.

उशाशी त्याचं पुस्तक असतं, तळहाताएवढं,
गोदी कामगारांचा जुना करार.
कोणत्या वजनाला किती हात,
पारा किती उतरला की काम थांबवायचं,
सगळं लिहिलेलं.
म्हाताऱ्या माणसाला उचलायला किती हात,
ते मी शोधलं. कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
आम्हाला शिकवलं तेव्हा रबराची बाहुली होती,
चाळीस पौंडांची.
तिला गुदगुल्या होत नव्हत्या, ती चावत नव्हती,
'आई, सोडू नकोस' असं फिनिशमध्ये म्हणत नव्हती.

सुनावणी वाचनालयाच्या तळघरात.
बोर्डाचे नऊजण, पाण्याच्या बाटल्या,
एक दिवा: हिरवा, पिवळा, लाल.
प्रत्येकाला तीन मिनिटं.
माझ्याआधी मालकांचा वकील बोलला, त्याला पुरली.
नुसते आकडे उचलायला वेळ लागत नाही.
मी रात्रपाळीवरूनच गेलेले,
लिहिलेला कागद डब्याच्या पिशवीत, तेलकट.
तो काढलाच नाही.
म्हटलं, तीन मिनिटांत एक माणूस कुशीवर वळवता येतो,
नीट वळवला तर.
आधी त्याला सांगायचं. मग गुडघा दुमडायचा,
मग खांदा, मग कंबर, पाठीला उशी,
टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत,
आणि कानाची पाळी खाली दुमडलीय का बघायची.
ते सगळ्यात शेवटी, आणि तेच सगळे विसरतात.
मी हवेतच करून दाखवत होते.
दिवा लाल झाला तेव्हा माझी बोटं
नसलेल्या कानाशी होती.
अध्यक्षबाईंनी मला थांबवलं नाही.
एकजण मात्र दिव्याकडेच बघत होता, तेही मी पाहिलं.

ऑगस्टमध्ये भिंतीवर कागद लागला, पाच भाषांत.
माझी त्यात नव्हती, असू दे.
सणाच्या दिवशी दीडपट.
शिकण्याच्या तासांचाही पगार.
दर वीस, पण या नव्हे,
पुढच्या वर्षीच्या नाताळानंतरच्या जानेवारीपासून.
किती माणसांमागे किती हात:
पुढील अभ्यासासाठी.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली
आणि हातमोजे चढवले.

रात्री एकला, नऊ नंबर.
सरोवरावर धुकं, बंदराचा भोंगा चालू.
'तुला दर काय मिळतो, पोरी?'
वीस, मी म्हणाले. पहिल्यांदाच खोटं,
सतरा महिने आधीचं.
तो बराच वेळ गप्प.
चादरीवर बोटांनी कसलातरी हिशोब.
मला वाटलं, झालं,
आता तीनला हा काय विचारणार?

'कमी आहे,' तो म्हणाला.

मला हसू फुटलं, पकड सुटता सुटता राहिली.
मग त्याला खिडकीकडे वळवलं,
पाठीशी उशी लावली,
कानाची पाळी सरळ केली.