नमुना एक्केचाळीस

शिरोलीच्या कारखान्यात बाबा बेअरिंग ऐकायचे.
स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला,
मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले.
मग म्हणायचे, “आठवडा काढंल.”
आठव्या दिवशी बेअरिंग जायचं.

मी केस ऐकते.
विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर,
गादीवाल्याकडून आणलेल्या फोमच्या खोक्यात
एक बट ताणून बसवलेली,
दुसरी तिच्यावरून सावकाश ओढत नेणारा दोरा,
मोटर खोक्याबाहेर, नाहीतर तीच बोलत बसते,
आणि मसुराएवढा माईक.
काम रविवारी. हायवे जरा गप्प असतो,
मोर मात्र रविवार पाळत नाहीत.
एका फोल्डरचं नावच आहे
‘मोर, टाकून देणे’.

केसाला खवले असतात माशासारखे,
सगळ्यांची तोंडं टोकाकडं.
मुळाकडून खाली आलं तर हूं नाही की चूं नाही,
टोकाकडून वर चढलं की खरखर.
खवले झिजले, की जाताना खरखर, येतानाही तेवढीच,
केसाला वर-खाली कळेनासं होतं.
मगदूम मॅडम म्हणतात, या दोन आवाजांतला फरक लिही,
बाकीचं मनात ठेव.

नमुना सात, राजारामपुरीत तीनदा सरळ करून घेतलेला.
नमुना बारा, बोअरचं पाणी, गांधीनगरच्या कापड दुकानातली मुलगी,
तिनं विचारलं, “पैसे मिळतात का याचे?”
नमुना एकोणीस माझी आई. दर महिन्याला काळी मेंदी.
हेडफोन लावून स्वतःचाच केस ऐकला तिनं,
“अगं बया, कोण पापड मोडतंय?”
त्या रात्री विंचरता विंचरता ती थांबली,
फणी कानाजवळ नेली,
आणि मी बघतेय म्हटल्यावर उगाच कानात खाजवलं.

चंपाआत्यानं दीक्षा घेतली तेव्हा मी सात वर्षांची.
बाहुबलीच्या वाटेवर मांडव.
तिच्या बोटांना राख, केस निसटू नये म्हणून.
घर्षण हा शब्द मला फार नंतर मिळाला.
चिमटीचिमटीनं उपटत होती,
हरभऱ्याचा डहाळा उपटावा तशी, घाई नाही.
लाउडस्पीकरवर स्तवन, बायकांचा जयजयकार.
आवाज कसा येतो ते मला कळलंच नाही.
तिच्या चेहऱ्यावरही काही ऐकू आलं नाही.
मग तिचं नाव बदललं, आणि आम्ही तिला
पाया पडण्याएवढ्या अंतरावरून ओळखायला लागलो.

परवा बाबांनी स्क्रूंचा डबा उपडा केला.
वायसर, एक गंजका पाना, आणि तळाशी
ग्रीसचा डाग पडलेली कागदाची पुडी.
आई दारातच थबकली,
“हे ठेवलंत तुम्ही? नदीत सोडायचं असतं ते!”
“सोडलं की,” बाबा म्हणाले. “एवढं सोडून.”

नमुना एक्केचाळीस.
वय वीस वर्षं, जास्तच.
बाकीच्या बटांना मूळ कुठलं ते कळावं म्हणून
मी लाल दोरा बांधते. हिला गरज नाही.
चाळीस कापलेल्या किंवा फणीतल्या,
ही एकटी मुळासकट.

बाबांना स्टुलावर बसवलं, हेडफोन दिले.
मुळाकडून टोकाकडं.
त्यांनी मान हलवली, काहीच नाही.
मग उलटं.
त्यांचा हात आपोआप वर गेला, कानामागच्या हाडाला,
मूठ वळलेली, मुठीत स्क्रूड्रायव्हर नसलेला.

फरक, आजवरचा सगळ्यात मोठा.
नुकसान, नगण्य.
मी आकडा लिहिला, मोटर बंद केली.
बाबांनी हेडफोन काढले नाहीत.
“परत लाव. उलटं.”

मधेच बाहेर मोर ओरडला.
ती फाइल मी टाकून दिली नाही.