सक्ती नाही

सोमवारी मरोळच्या ऑफिसात, सहाव्या मजल्यावर,
लिफ्टच्या दारासमोर एक झाड उगवलं.
खोड पुठ्ठ्याचं, फांद्या तपकिरी कागदाच्या,
आणि मागोमाग एचआरच्या केतकीचा मेल:
एका दिवसाचा पगार,
पाड्यावरच्या शाळेला वह्या आणि रंगपेट्या.
देईल त्याच्या नावाचं एक हिरवं पान.
तळाला, बारीक अक्षरात: सक्ती नाही. ऐच्छिक.

ऐच्छिक.
मोठ्याने म्हणून बघा,
मधोमध कुणीतरी शिंकतं.

दुपारपर्यंत एकोणीस पानं.
बोरकरचं, नाझनीनचं,
मागच्या आठवड्यात रुजू झालेल्या,
पहिला पगार अजून न पाहिलेल्या
वेंगुर्ल्याच्या पोराचं.
आणि शेंड्यावर, स्केचपेनने गिरवून जाड केलेलं,
बाटलीवाला सरांचं.

मी जिन्याने जायला लागले.
गुडघे म्हणाले, त्यापेक्षा देऊन टाक.

माझा हिशेब साधा आहे, कुणी विचारला तर.
अकराशे चाळीस रुपये.
आईच्या डोळ्यांतले थेंब, दोन महिन्यांचे.
पण अडचण निव्वळ पैशांचीच आहे असंही नाही,
हे मी तिसऱ्या मजल्यावर, धाप लागल्यावर,
स्वतःशी कबूल करते.
एकटीला गाठून, हळू आवाजात विचारलं असतं
तर दिले असते.
कदाचित.
अण्णा म्हणायचे, या हाताचं त्या हाताला कळू नये.
इथे आधी लिफ्टला कळतं.

बुधवारी केतकी खुर्ची ओढून बसली.
"सबनीस मॅडम, प्रेशर नाही हां.
फक्त आपला फ्लोअर सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकलाय."
चौतिसातली मी एक.
एवढी वर्षं स्वतःला पूर्ण समजत होते,
निघाले तीन टक्के.

टिक केली.
केतकीने टाळी वाजवली, दोनचार जणांनी मान वर करून
आपापल्या टाळ्या तिच्यात मिसळल्या.
माझं पान खालच्या फांदीला,
एसीच्या झोतात सारखं उलटं होणारं.

गुरुवारी संध्याकाळी डबे रिकामे करता करता
सुगंधाताईने विचारलं,
"ह्याच्यावर नाव लावायला किती पडतात?"
ती कंत्राटी. तिचा पगार एजन्सीकडून येतो,
दहा तारखेला, कधी सतराला.
एका दिवसाचा, मी म्हटलं.
तिने मनात भागाकार केला,
पदराआडच्या पाकिटातून चार घड्यांची पन्नासाची नोट काढली.
"आज एवढेच. बाकीचे दहाला."

केतकी खरंच ओशाळली.
सिस्टीम एम्प्लॉयी कोड मागते,
पेरोलवर नसलेल्यांचं घेता येत नाही, रोख तर नाहीच.
सक्ती नाही, हे लिहिलं होतं.
परवानगीही नाही, हे मेलमध्ये नव्हतं.

नोट परत देताना चोरासारखी मीच.
"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली,
"चार जणांत आपलंबी असावं वाटलं."

माझं पान काढून त्यावर तिचं नाव लिहावं
असं त्या क्षणी मनात आलं.
आलं आणि गेलं. खोटं कशाला सांगू.

शनिवारी झाड उतरवायचं काम अर्थात तिच्याकडे.
टेपचे डाग नखाने खरवडत होती.
पानं मात्र काळ्या पिशवीत टाकली नाहीत,
एकावर एक रचून रबर लावलं.
"नातवाला होतील. मागची बाजू कोरी हाय."

महिनाअखेरीच्या स्लिपवर एक ओळ जास्तीची:
वजा अकराशे चाळीस.
आणि गोवंडीत कुठेतरी, सुगंधाताई सांगते,
माझ्या नावाच्या पाठीवर एक हत्ती आहे, कोळशाने काढलेला.
पाय पाच आहेत म्हणे.
पाचवा कशाला, मी विचारलं नाही.