भडंग जेवत नाही

विश्रामबागेत माझी मेस. बेचाळीस ताटं.
कुणाला भात मऊ, कुणाला आमटी तिखट,
बुधवारी कुणाला एकाऐवजी दोन अंडी.
तेवीस वर्षांत माझ्या दारातून
उपाशी कुणी गेलं नाही, असं मी सांगत असे.

निहाल परीक्षा न देताच हिंगोलीला निघाला,
काचेची पेटी फडताळावर ठेवून.
"काकू, आठच दिवस. हिचं नाव भडंग."
पिवळी, अंगभर काळे ठिपके.
नाव बरोबरच होतं.

पाल म्हटली की मी झाडू उचलणारी.
पण ही भिंतीवर चढत नाही, चुकचुकत नाही,
आणि हिला पापण्या आहेत.
मिटल्या की घरातलंच कुणी डोळा लागून पडलंय
असं वाटतं.

आठाचे वीस झाले. ही खाईना.
हरिपूरच्या पेवांत हळद ठेवायचे
तशी ही शेपटीत चरबी साठवते म्हणे.
पेव रिकामं होत चाललं होतं,
शेपटीची वात झालेली.

रातकिडे पुण्याहून एसटीच्या पार्सलनं.
दोन निसटले, गव्हाच्या डब्यामागं
रात्रभर किरकिरत बसले.
उरलेले कॅल्शियमच्या भुकटीत घोळवले,
लाडू पिठीसाखरेत घोळवावा तसे,
चिमट्यात धरून नाकापुढं नाचवले.
खा गं बाई. एक. माझ्यासाठी.
तिनं मान फिरवली.
ती मान माझ्या ओळखीची होती.

मिरजेचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "म्हशीचं विचारा, बाई."
रात्री त्यांचाच फोन, कुठंकुठं चौकशी करून:
पोटाखाली ऊब हवी, पोट गार तर भूक धरत नाही.
बोटांवर जुनी कात अडकलीय का बघा.
आणि खाताना तोंडाकडं बघत बसू नका.

मंगळवारी लाईट गेली, तिची गरम गादी गार.
शेकायची पिशवी पंचात गुंडाळून
पेटीखाली सरकवली.
ओल्या कापसानं बोट अन् बोट पुसलं,
कात निघाली, लसणाच्या सालीहून पातळ.

निहाल पोळी मोडून ताटभर पसरायचा,
खाल्ल्यासारखी दिसावी म्हणून.
मी डोक्यावर उभी. घे रे, अजून एक. आवडलं नाही का?
सगळ्यांदेखत.
ताटाबाहेरचं काही मी विचारलंच नाही.

आज दिवेलागणीला तीन रातकिडे सोडले,
पेटीवर जुना टॉवेल टाकला
आणि पाठ करून कांदे चिरत बसले.
आवाज आला. किंवा वर कुणी बादली सरकवली असेल.
वळले नाही.
दोन किलो झाले, उद्याचेही घेतले चिरायला.

मग मोजले. दोन.
डब्यामागं कान लावला,
तिथंही दोघंच.

हिंगोलीला फोन लावला. भडंग बरी आहे, म्हटलं.
"जेवलास का" जिभेवर आलेलं
मागं घेतलं.
तिकडं थंडी पडलीय का रे, विचारलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मीही घाई केली नाही,
फोन कानाशी धरून
कांद्याची सालं गोळा करत राहिले.